थिंगची कातडी

सोमवार, रात्री

‘फॅन्टॅस्टिक फोर’, चार महानायकांच्या संघाचं मार्व्हलचं कॉमिक, पुन्हा पहिल्या अंकापासून. ऑम्निबसचा (अनेक अंक एकत्र बांधलेल्या जाड आवृत्तीचा) पहिला खंड, म्हणजे अंक १ ते ३० आणि १९६३चा वार्षिक अंक. कथा पाठ आहेत, म्हणून या वेळी डोळा फक्त संघातल्या बेन ग्रिमच्या, म्हणजे दगडी अंगाच्या थिंगच्या, कातडीवर ठेवायचा.

पहिला अंक नोव्हेंबर १९६१चा. लेखन स्टॅन लीचं, चित्रं जॅक कर्बीची. कुणालाच गणवेश नाही. बेन ओव्हरकोट, हॅट आणि काळा चष्मा घालून कपड्यांच्या दुकानात उभा आहे, आणि त्याच्या मापाचं तिथे काहीच नाही. तेवढ्यात आकाशात संघाचा नेता रीड याचा इशारा दिसतो. बेन अंगावरचे कपडे भिरकावतो आणि दारात मावत नाही म्हणून दारच फोडून निघतो. या अंकातली त्याची कातडी दगडाची वाटतच नाही. ओल्या मातीचा गोळा अंगठ्याने जागोजागी दाबावा तशी ती आहे, ढेकळांची आणि लोंबणारी. बघवत नाही, आणि तेच बरोबर आहे. स्वतःचं हे रूप त्याला सोसवत नाही, हे कातडीच सांगते.

मंगळवार

तिसऱ्या अंकात गणवेश आले, उडती गाडी आली, उंच इमारतीतला अड्डा आला. थिंगला सुरुवातीला शिरस्त्राणही दिलं होतं, ते टिकलं नाही. याच अंकाच्या शेवटी जॉनी, अंगाला आग लावू शकणारा तिसरा गडी, भांडून निघून जातो. संघ बनून तीन अंक होत नाहीत तोच फुटतो! चौथ्यात तो एका स्वस्त निवाऱ्यात पडलेला असताना त्याला स्मृती गेलेला दाढीवाला भेटतो. जॉनी बोटाच्या ज्योतीने त्याची दाढी जाळतो आणि खालून नेमर निघतो, १९३९ सालच्या कॉमिक्समधला समुद्राचा राजपुत्र.

हे अंक आधी दोन महिन्यांनी एक निघत, सातव्यापासून दरमहा. खंडात दोन तासांत सहा अंक संपतात, तेव्हाच्या वाचकाने मात्र त्यासाठी वर्ष घालवलं होतं. म्हणून एका बैठकीत तीनच अंक वाचायचे. सलग वाचलं की मोठमोठ्याने मागची कथा सांगणारे संवादांचे फुगे टोचू लागतात आणि दोष लेखकाच्या माथी मारला जातो.

नववा अंक मला फार प्रिय आहे. चौघं कफल्लक झालेले, रीडने पैसा शेअरबाजारात घालवलेला. जगाला वाचवणाऱ्यांना घराचं भाडं भरायची चिंता आहे, हे १९६२ साली कुणीतरी छापलं. संघातली एकमेव स्त्री सू, तिची मात्र या सगळ्यात उपेक्षा झाली. अकराव्या अंकात तिच्यावरच्या वाचकांच्या तक्रारींना रीड आणि बेन उत्तर देतात. पण तिला संरक्षक कवच उभारायची शक्ती मिळाली थेट बाविसाव्यात, जानेवारी १९६४ला. फार उशीर.

बुधवार

कोणती आवृत्ती घ्यावी, याचं टिपण.

नुसत्या रेषा पाहायच्या असतील तर ‘इसेन्शियल’, कृष्णधवल. पहिल्या खंडात १ ते २० आणि वार्षिक. ‘मास्टरवर्क्स’च्या पहिल्या खंडात १ ते १०. ‘मायटी मार्व्हल मास्टरवर्क्स’मध्येही तेच दहा, पण आकार सहा बाय नऊ इंच. त्या काळी कर्बी छापील पानाच्या जवळपास दुप्पट कागदावर काढत असे, त्यामुळे लहान आकारात गर्दीच्या चौकटी गुदमरतात आणि अक्षरांसाठी डोळे ताणावे लागतात. ऑम्निबस जड आहे, पण पान मोठं मिळतं आणि वाचकांची पत्रं मिळतात. ती वगळू नयेत. पंचविसाव्या अंकात हल्क बनणाऱ्या ब्रूस बॅनरला चुकून ‘बॉब’ म्हटलंय. याचा खुलासा अठ्ठाविसाव्याच्या पत्रांत आहे, की त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर. पत्रं नसलेल्या आवृत्तीत ती चूक तशीच लोंबकळत राहते.

रंगांचं दुखणं वेगळंच. तेव्हा निळा, किरमिजी, पिवळा हे तीन रंग प्रत्येकी २५, ५० आणि १०० टक्के अशा तीन पायऱ्यांत वापरत. रंग न वापरणं ही चौथी पायरी धरली तर एकूण ६४ मिश्रणं. हा हिशेब न्यूजप्रिंटसाठी होता. तो कागद मुळात पिवळसर, शाई पिणारा, त्यावर ठिपके पसरून रंग मवाळ होत. तेच रंग ठिपके काढून गुळगुळीत पांढऱ्या कागदावर सपाट भरले की पिवळा किंचाळतो. थिंगचा नारिंगी तर प्लॅस्टिकचा वाटतो. उपाय साधा आहे. पिवळसर दिव्याखाली वाचावं आणि पुस्तक थोडं तिरकं धरावं, म्हणजे चकाकी मरते.

नवा जाड खंड एकदम मधोमध उघडू नये. पाठ टेबलावर टेकवून आधी दोन्ही पुठ्ठे आडवे करावेत, मग पुढची दहा-पंधरा पानं, मागची दहा-पंधरा, असं आळीपाळीने मध्यापर्यंत यावं. जुजबंदी, म्हणजे शिवलेली बांधणी, असेल तर पानं सपाट बसतात. नुसत्या डिंकाच्या बांधणीत आतल्या समासाकडची अक्षरं घळीत जातात. आपल्याकडच्या पावसाळ्यात गुळगुळीत पानं ओल धरून एकमेकांना चिकटतात, ओढून सोडवायला गेलं की चित्रच निघून येतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे हवं, आणि एवढे जड खंड आडवेच ठेवावेत. उभे ठेवले की आतला गठ्ठा स्वतःच्या वजनाने पुठ्ठ्यापासून सुटतो.

गुरुवार

आज फक्त शाई. पेन्सिलचं चित्र सगळीकडे कर्बीचं, त्यावर शाई फिरवणारे हात मात्र बदलत गेले. सहाव्या अंकापासून डिक एयर्स, जाड आणि भरीव. तेराव्यात मध्येच स्टीव्ह डिटको. एकविसापासून जॉर्ज रूसोस, तोही ‘जॉर्ज बेल’ या नावाने. घाईचा, काळ्या डागांचा. अठ्ठाविसापासून चिक स्टोन, बाहेरची रेषा ठळक आणि स्वच्छ. चाळीस ते त्रेचाळीस व्हिन्स कोलेटा, बारीक केसांसारख्या रेघांचा, जो मला थिंगवर अजिबात रुचत नाही.

या प्रत्येक हातात कातडी थोडी थोडी टणक होत जाते. ढेकळांच्या जागी भेगा येतात, भेगांच्या कडा सरळ होतात. बदल कुठे झाला हे एका अंकावर बोट ठेवून दाखवता येत नाही. दहावा आणि तिसावा अंक शेजारी उघडले की दिसतो.

शुक्रवार

दुसरा खंड. रीड आणि सूच्या लग्नाचा तिसरा वार्षिक अंक, १९६५चा, खंडात कुठेही बांधलेला असो, चव्वेचाळीसच्या आधी वाचावा.

आणि चव्वेचाळीस, नोव्हेंबर १९६५. शाईसाठी जो सिनॉट हा चित्रकार आला. याआधी पाचव्या अंकात त्याने एकदा हात लावला होता. आता थिंगच्या अंगावर वीटकामासारखी दगडी फरशी बसली. प्रत्येक तुकड्याला धार, प्रत्येक सांध्यात नेमकी सावली, आणि त्या कपाळाखाली दोन ओले डोळे. आपण ज्याला थिंग म्हणून ओळखतो तो इथे पूर्ण झाला, चार वर्षांनी.

एकावन्नावा अंक, जून १९६६. पहिलं पान अख्खं एका चित्राला दिलंय. रात्र, पाऊस, थिंग एकटा उभा. सिनॉटच्या शाईत पाणी त्या दगडांवरून ओघळताना दिसतं, फरशीच्या सांध्यासांध्यातून. पहिल्या अंकातल्या त्या मातीच्या गोळ्यावर हा पाऊस पडला असता तर तो विरघळूनच गेला असता. आज पुढे वाचलं नाही. बराच वेळ तेच पान उघडं ठेवून बसले.