तुम्ही विचारलंत म्हणून: आजीचा फोटो का नाही लावला?

नौपाड्यातल्या आमच्या घरी जो येतो तो हॉलमधल्या आजीच्या चित्रापाशी थांबतोच. मग विचारणा होते, "फोटो नव्हता का? आणि या काळ्या रेघांत एवढं काय बघता हो?" फोटो आहे, अल्बममध्ये, चांगला आहे. तरी भिंतीवर हेच राहणार.

वडिलांच्या एका चित्रकार मित्राने आजीला समोर बसवून टाकाने, म्हणजे शाईत बुडवायच्या निबच्या लेखणीने, काळ्या वॉटरप्रूफ शाईत हे काढलं. शाई काळी, कागद पांढरा; मधल्या सगळ्या छटा रेषा किती जाड आणि किती जवळ यावर ठरतात. निब दाबली की तिची दोन टोकं फाकतात, रेषा जाड होते. हात हलका केला की बारीक. आजीच्या गालाखाली रेषांवर आडव्या रेषा आहेत, त्यांवर पुन्हा तिरप्या, म्हणून तिथे अंधार दाटलाय. वर गालफडाकडे त्याच रेषा गोलाईबरोबर वळत वळत विरळ होतात.

आता केस बघा. आजीचे केस पांढरेशुभ्र. काळ्या शाईने पांढरा केस काढणार कसा? त्यांनी केसांमधल्या फटी काढल्या, अंबाड्याखालची सावली काढली. केस म्हणून आपण बघतो तो कोरा कागद आहे. बुबुळातला चमकता ठिपकाही तसाच कोरा. शाई खोडता येत नाही, तेव्हा ही जागा पहिल्यापासून राखून ठेवावी लागते. माझा जीव अडकतो तो इथेच. चष्म्याची खालची कड त्यांनी अर्ध्यावर सोडलीय. ती अपुरी आहे हे मी दाखवेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही, बघणाऱ्याचा डोळाच ती पुरी करतो.

चित्रकार व्हॅन गॉगने 1888 मध्ये फ्रान्समधल्या आर्लला टपाल खात्यातल्या जोसेफ रुलँचं शाईत व्यक्तिचित्र केलं, बोरू आणि पिसाची लेखणी वापरून. त्याच रुलँची त्याने तैलचित्रंही केली आहेत. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातलं ते शाईचित्र नेटवर मोठं करून बघा. दाढीपासून सुरुवात करा, मग कोटावर या. एकाच शाईत हाताची चाल कशी बदलते ते कळेल.

असं चित्र घरी असेल तर एक कराच. ठाण्याच्या पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ते लावू नका, आणि फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका. मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. काजळीची काळी शाई टिकते, पण साध्या फाउंटन पेनच्या शाया उन्हात उडतात.

राहिला फोटो. त्यात आजी कॅमेऱ्यासाठी ओठ घट्ट मिटून बसलीय. चित्रात ओठांना बाह्यरेषाच नाही. दोन ओठांमधली एक तुटक रेघ आणि खालच्या ओठाखाली चार-पाच आडवे फटकारे, एवढंच. कुणी बोलत असेल तर त्याला मध्येच तोडून "अगं, पण ऐक तर" म्हणायची तिची सवय होती, आणि त्या आधी तिचं तोंड अगदी असंच व्हायचं.