हायकूचा पिवळा टॅब आणि नवे रूप

हायकू ही ऑपरेटिंग सिस्टिम पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर खिडकीच्या माथ्यावरच्या पिवळ्या टॅबवर अडते आणि ‘हे फारच जुने दिसते’ असा शेरा लगेच येतो. शेरा खोटा नाही. १९९०च्या दशकात बी इन्कॉर्पोरेटेड या कंपनीने घडवलेल्या बीओएस या ऑपरेटिंग सिस्टिमचे रूप हायकूने जाणीवपूर्वक उचलले आहे. २००१ साली त्या कंपनीची मालमत्ता पाम या कंपनीने विकत घेतली, त्याच वर्षी स्वयंसेवकांनी ओपनबीओएस या नावाने तीच प्रणाली नव्याने लिहायला घेतली आणि २००४ मध्ये तिचे नामकरण हायकू असे झाले. तिचे रूप आधुनिक करावे ही मागणी तेव्हापासून अधूनमधून होत आली आहे, पण ती बहुधा टॅबच्या रंगापाशी आणि बटणांच्या गोलाईपाशीच थांबते, ही माझी जुनी तक्रार आहे.

टॅबला हात लावण्यापूर्वी तो काय काम करतो हे पाहायला हवे. तो खिडकीची पूर्ण रुंदी व्यापत नाही, त्यामुळे एकामागे एक असलेल्या खिडक्यांची नावे एकाच वेळी वाचता येतात. शिफ्ट दाबून तो डावीउजवीकडे सरकवता येतो. आणि ‘स्टॅक अँड टाइल’ या सोयीमुळे निरनिराळ्या प्रोग्रामांच्या खिडक्या एकाच चौकटीत टॅबसारख्या जोडता येतात. त्याच्या जागी आजच्या पद्धतीची सलग, सपाट पट्टी आणली तर चित्र नीटनेटके दिसेल, पण ही सगळी कामे पट्टीखाली गाडली जातील. पिवळा रंग बदलायचा असेल तर खुशाल बदलावा, त्यासाठी सेटिंग आहेच; आकार मात्र राहू द्यावा, असे माझे मत आहे.

चिन्हांच्या बाबतीत हायकूने फार पूर्वीच मोठी मजल मारली आहे. बीओएसमध्ये १६ आणि ३२ पिक्सेलांची, २५६ रंगांत बसवलेली चिन्हे होती. हायकूने त्यांच्यासाठी एचव्हीआयएफ हे स्वतःचे व्हेक्टर स्वरूप, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकारांत चित्र नोंदवणारे स्वरूप, तयार केले. त्यातली बहुतेक चिन्हे एक केबीहूनही लहान असतात आणि तरी कोणत्याही आकारात रेखीव दिसतात.

खरी गुंतागुंत रंगांच्या छटांत आहे. बीओएसच्या काळात खिडकीची पार्श्वभूमी फिकट राखाडी, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा तिन्ही २१६, अशी असायची आणि कडा, रेषा, दाबलेले बटण यांचे रंग त्याच राखाडीला ठरावीक प्रमाणात उजळ किंवा गडद करून काढले जात. पार्श्वभूमी काळपट केली की हा हिशेब कोसळतो, कारण आधीच गडद असलेला रंग आणखी गडद केल्यावर रेष दिसतच नाही. शिवाय कित्येक जुन्या प्रोग्रामांत प्रणालीला रंग न विचारता पांढरा किंवा काळा थेट लिहून टाकलेला असतो, आणि मग गडद पार्श्वभूमीवर काळी अक्षरे उमटतात. अशी ठिकाणे एकेक करून शोधावी लागतात. हे काम किचकट आहे, त्याचे आकर्षक स्क्रीनशॉट निघत नाहीत, पण डार्क मोड, म्हणजे गडद पार्श्वभूमीचे रूप, वापरण्याजोगा होतो तो याच कामामुळे.

मापांचेही तसेच आहे. बीओएसचे प्रोग्राम प्रत्येक बटणाची जागा पिक्सेलांत ठरवून देत. अक्षर मोठे केले की मजकूर कापला जाई. हायकूमध्ये खिडकीची मांडणी अक्षराच्या आकारानुसार स्वतः जुळवून घेणारी व्यवस्था आहे, आणि दाट पिक्सेलांच्या पडद्यावर सर्व काही मोठे करायचे असेल तर फॉन्टचा आकार वाढवणे हाच मुख्य मार्ग आहे. मला ही योजना साधी आणि शहाणपणाची वाटते. फक्त ती व्यवस्था न वापरणारा प्रोग्राम त्या पडद्यावर लगेच उघडा पडतो.

सावल्या, अर्धपारदर्शक खिडक्या आणि त्यांच्यामागची धूसरता यांची मागणी वेगळ्या जातीची आहे. हायकूचा अ‍ॅप सर्व्हर, म्हणजे पडद्यावर खिडक्या काढणारा प्रणालीचा भाग, चित्र काढण्याचे काम मुख्य प्रोसेसरवर करतो आणि प्रत्येक खिडकीचे चित्र स्वतंत्रपणे साठवून नंतर एकमेकांवर रचत नाही. जो भाग झाकलेला आहे तो काढलाच जात नाही. म्हणून खिडकीखालची मऊ सावली हा थीमचा विषय उरत नाही. त्यासाठी चित्रणाची रचनाच बदलावी लागेल, आणि जुन्या यंत्रांवरही जाणवणारी हायकूची चपळाई त्यात पणाला लागेल. खिडकीची चौकट आणि बटणे यांचे रूप मात्र वेगळ्या अ‍ॅड-ऑनमधून (जोडून घेण्याच्या भागातून) बदलता येते, आणि डिसेंबर २०२२ मधल्या चौथ्या बीटात (चाचणी आवृत्तीत) अशी एक सपाट शैली आलेलीही आहे. ज्यांना हवी त्यांनी ती निवडावी.

बाहेरून आणलेल्या प्रोग्रामांचा प्रश्न यापुढे अधिक छळणार, असे दिसते. क्यूटी आणि जीटीके हे बटणे-खिडक्या बनवण्याचे तयार संच आहेत. क्यूटीवर बेतलेल्यांना हायकूसारखे रूप देण्याची सोय आहे. जीटीकेचे बरेच प्रोग्राम मात्र माथ्याची पट्टी स्वतःच काढतात, त्यामुळे ते टॅबच्या शेजारी परके दिसतात. त्यांची पट्टी लपवून पिवळा टॅब लावता आला, तर नव्या थीमपेक्षा मला तेवढे आधी आवडेल.