सेडोनाचा लाल सावलीत सापडतो

माझ्या रंगपेटीत कॅडमियम रेडची ट्यूब आहे. महागाची आहे, रंगही झकास आहे, पण ॲरिझोनातल्या सेडोना गावाला चित्रं काढायला निघताना मी ती घरी ठेवते. लाल खडक रंगवायला निघालेली बाई लालच घरी ठेवते म्हणून आमच्याकडे माझी चेष्टा होते. होऊ दे. ती सोबत असली की हात तिच्याकडेच जातो, आणि एकदा का ती पॅलेटवर पिळली की चित्रातला खडक फायर ब्रिगेडच्या गाडीशी स्पर्धा करायला लागतो.

मी मूळची कोल्हापूरची, सध्या मुक्काम फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये. लँडस्केप शिकले ते रंकाळ्याच्या कट्ट्यावर आणि पंचगंगेच्या घाटावर, जलरंगात. एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेल्या मुलांना माहीत असतं, कोल्हापुरात रविवारी सकाळी घाटावर बोर्ड घेऊन बसलेली चार-दोन डोकी दिसतातच. चित्रकार आबालाल रहमान यांच्या गावात दुसरं काय होणार! तिथं सरांनी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसवल्या होत्या. उजेड म्हणजे कागदाचा पांढरा, तो राखायचा. आणि लांबचं ते निळं, फिकं, धूसर.

ॲरिझोनात या दोन्ही गोष्टी चालत नाहीत.

पहिली का चालत नाही, तर इथं जलरंगच नीट चालत नाही. मे-जूनच्या दुपारी हवेतली आर्द्रता 10 टक्क्यांच्या आसपास असते. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, कागदावर ओढला की त्याचं दुसरं टोक गाठेपर्यंत पहिलं टोक वाळून कड धरतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कागद वाळायची वाट बघत चहा व्हायचा, इथं ब्रशच वाळतो. तैलरंगाचं तसं नाही. त्यातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. त्यामुळं कोरडी हवा असली तरी दोन तास रंग हातात राहतो, पुसता येतो, सुरीनं खरवडता येतो. मी तैलरंगाकडे वळले ती एवढ्याच कारणासाठी. हात मात्र उलटा फिरवावा लागला: जलरंगात उजेडाकडून अंधाराकडे जायचं, इथं गडद आधी आणि उजेड शेवटी, जाड.

दुसरी गोष्ट जास्त छळते. कोल्हापूरहून बघावं तर पन्हाळा निळसर दिसतो, कारण मधल्या हवेत बाष्प आणि धूळ असते. सेडोनाला पाच मैलांवरचा सुळका हातभरावर असल्यासारखा स्वच्छ दिसतो, त्याची भेगन् भेग मोजता येते. मग चित्रात खोली आणायची कशी? जे दिसतं तेच प्रामाणिकपणे रंगवलं तर सगळे खडक एकाच पडद्यावर चिकटवल्यासारखे होतात. म्हणून मी थोडी लबाडी करते. लांबच्या कडा बोटानं मऊ करते, तिथली पिवळी झाक काढून घेते, जवळच्या झुडपाची टोकं धारदार ठेवते. थोडंच, कारण इथली हवा धूसर दाखवली तर ते सेडोना राहत नाही, महाबळेश्वर होतं.

माझी नेहमीची जागा म्हणजे रेड रॉक क्रॉसिंग. ओक क्रीकच्या काठावर बसलं की समोर पूर्वेला कॅथीड्रल रॉक. सकाळी गेलात तर तो उजेडाच्या पुढे उभा असतो, नुसता जांभळट आकार. दुपारनंतर ऊन त्याच्या पश्चिम अंगावर येतं, आणि मग काठावर फोटोवाल्यांच्या तिवया एकमेकींत अडकायला लागतात. मी त्यांच्या आधी, दीडच्या सुमाराला, सिकमोरच्या झाडाखाली बूड टेकते. डिसेंबरात सव्वापाचलाच सूर्य जातो, तेवढ्या वेळात दोन लहान बोर्ड होतात. बोर्ड 8 बाय 10 इंचाचे. मोठा कॅनव्हास तिथं शहाण्यानं उघडू नये. वारा त्याचं शीड करतो. तिवईच्या मधल्या हुकाला मी पाण्याच्या बाटल्यांची पिशवी लटकवते, तिवई हलत नाही आणि पाणीही जवळ राहतं.

आता खडकाबद्दल. सेडोनाचे हे लाल सुळके बहुतेक श्नेब्ली हिल नावाच्या थराचे, साधारण 28 कोटी वर्षांपूर्वीच्या किनाऱ्यावरच्या वाळूचे. वाळूचा दाणा गारगोटीचा, स्वतः बिनरंगाचा. लाल आहे तो फक्त त्याच्यावरचा लोह ऑक्साइडचा पातळ लेप. म्हणजे निसर्गानं हा रंग खडकात कालवलेला नाही, वरून ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, मारलाय. हे समजल्यापासून मी तिथला रंग जाड थापत नाही, सावलीत तर नाहीच. या थराच्या मधून फोर्ट अपाचे चुनखडीचा करडा पट्टा जातो, आणि आसपासच्या उंच कड्यांच्या माथ्यावर कोकोनिनो वाळूखडक, मलईच्या रंगाचा. हे थर जवळजवळ आडवे आहेत, आणि ड्रॉइंगमध्ये सगळा घोटाळा इथंच होतो. डोळ्याच्या पातळीच्या वरचे पट्टे सुळक्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजाकडे उतरताना दिसतात. ते उतरवले नाहीत तर सुळका सपाट, आणि एकाच बाजूला जास्त उतरवले तर तो कलंडतो. रंगाची गडबड माफ होते, पट्ट्यांची होत नाही.

आणि लाल? माझं म्हणणं असं, की उन्हातला खडक लाल नसतोच. भर दुपारी तो फिका असतो, गेरूत भरपूर पीठ मिसळावं तसा. तो उजळ करायला आपण सवयीनं लालमध्ये पांढरा घालतो, आणि खडक जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखा गुलाबी होतो. लालला पांढऱ्यानं उजळ करायचंच नाही, पिवळ्यानं करायचं. यलो ऑकर (पिवळ्या मातीचा रंग), जरासा कॅडमियम यलो, ट्रान्सपरंट रेड ऑक्साइड नावापुरता, आणि पांढरा सगळ्यांत शेवटी, मोजून.

खरा लाल बघायचा असेल तर सावलीत बघा. सावलीतला खडक दोन जातींचा असतो. ज्या बाजूनं आभाळ दिसतं, म्हणजे वर तोंड केलेले कट्टे, ते निळसर-जांभळे. आणि ज्या भेगेच्या समोर उन्हातली भिंत आहे, तिथं त्या भिंतीवरून उडालेला उजेड शिरतो. लालावरून उडून पुन्हा लालावर पडलेला उजेड. तिथं रंग असा पेटतो की उन्हातली बाजू त्याच्यापुढे पिठूळ वाटते. तरी तो उन्हापेक्षा गडदच असतो, इथंच हात फसतो: पेटलेला दिसतो म्हणून आपण तो उजळ करतो आणि सावली फुटते. मी डोळे बारीक करून बघते. बारीक डोळ्यांनी भेग बाकीच्या सावलीत विरघळली पाहिजे, पूर्ण डोळ्यांनी पेटली पाहिजे. ट्रान्सपरंट रेड ऑक्साइड, त्यात थोडं अलिझरिन (गडद किरमिजी), पांढऱ्याचा थेंबही नाही. पातळ. खालचा बोर्ड दिसला तर दिसू दे.

बोर्डाला आधी कुठला रंग द्यायचा यावरून इथल्या चित्रकारांत दोन पक्ष आहेत. बरेच जण बर्न्ट सिएनाचं, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचं, अस्तर देतात, म्हणजे राहिलेल्या फटींतून ऊब दिसते. मला ते पटत नाही. लाल जमिनीवर लाल कळत नाही. मी करडा देते, ऑकरकडे झुकलेला.

सावल्या आधी, हा दुसरा हट्ट. सूर्य ताशी 15 अंश सरकतो, म्हणजे तासाभरात कॅथीड्रल रॉकच्या मधल्या खिंडीतली सावली निम्मी उडून जाते. पहिल्या दहा मिनिटांत सावलीची कड आखायची आणि नंतर तिला हात लावायचा नाही, समोर काही का होईना. अमेरिकन चित्रकार मेनार्ड डिक्सनची वाळवंटातली चित्रं बघितली की हे कळतं. याचा जन्म 1875 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा, आयुष्य पश्चिमेच्या वाळवंटात गेलं, 1946 मध्ये टूसॉनला वारला. त्याच्या चित्रांत सावली म्हणजे एकच सपाट, ठाम आकार, आत गिचमीड नाही. चित्रकार जॉर्जिया ओकीफचा धडा वेगळा. न्यू मेक्सिकोत गोस्ट रँचच्या परिसरात ती फोर्ड मॉडेल ए गाडीतच चित्रं काढायची. पुढची सीट मागं फिरवायची आणि कॅनव्हास मागच्या सीटवर टेकवायचा. ऊनही नाही, मधमाश्याही नाहीत. आमच्या गाडीची सीट फिरत नाही, नाहीतर मीही तेच केलं असतं.

छत्री लागतेच, पांढरी किंवा करडी. रंगीत छत्रीचा रंग बोर्डावर पडतो. तसाच अंगातल्या कपड्यांचाही पडतो, म्हणून मी करडा शर्ट घालते. बोर्ड थेट उन्हात ठेवला तर तो इतका झगमगतो की आपण नकळत सगळं गडद मिसळतो, आणि घरी ट्यूबलाइटखाली चित्र काळवंडलेलं दिसतं.

तिथं बसलं की लोक येतातच. मागच्या हिवाळ्यात मी फोनवर आईशी बोलत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, “अगं बाई, तुम्ही मराठी का?” पुण्याचे काका-काकू, मुलाकडे आलेले. काकूंनी आधी माझं गाव विचारलं, मग मुलं किती, मग चित्र बघितलं. काका म्हणाले, “अहो, फोटो काढून घ्या की! घरी निवांत बसून काढता येईल. इथं कशाला उन्हात?”

प्रश्न रास्त आहे. चित्रकार थॉमस मोरन 1873 मध्ये ग्रँड कॅन्यनला गेला, तेव्हा त्यानंही जागेवर रेखाटनं आणि जलरंगच केले. प्रचंड मोठं तैलचित्र नंतर स्टुडिओत झालं, ते अमेरिकेच्या संसदेनं 10,000 डॉलरला विकत घेतलं. त्यामुळं जागेवर काढलेलंच खरं, बाकी खोटं, असला सोवळेपणा मी करत नाही. पण काकांचाच फोन घेऊन त्यांना दाखवलं. फोनमध्ये कॅथीड्रल रॉक होता त्याच्यापेक्षा लालभडक आला होता, आणि ज्या भेगेसाठी मी तासभर बसले होते ती नुसती काळी. काकांनी फोन वर धरला, खडकाकडे बघितलं, पुन्हा फोनकडे बघितलं. “हां, ते खरंय,” म्हणाले, आणि तरी सेल्फी काढलाच.

काकूंचं लक्ष पॅलेटवर होतं. ट्रान्सपरंट रेड ऑक्साइडकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हा तर गेरू गं!” बरोबर ओळखलं. माझी ट्यूब कारखान्यातली आहे, पण कूळ एकच, लोह ऑक्साइड. तुळशी वृंदावनाला लावतात तो गेरू, इटलीतल्या सिएनाची पिवळी माती भाजून होणारा बर्न्ट सिएना, आणि समोरच्या सुळक्यांवरचा तो पातळ लेप, सगळे एकाच गोत्रातले. त्यातही सोय अशी की लोह असलेले हे मातीचे रंग लवकर वाळतात. इथल्या हवेत कधी कधी दुसऱ्या दिवशीच हाताला लागत नाहीत. कॅडमियम रेड मात्र आठवडाभर ओला राहतो आणि परतीच्या वाटेवर गाडीच्या सीटला लागतो. घरी ठेवायला हेही कारण पुरेसं आहे.

झुडपांबद्दल एकच सांगते. ज्युनिपर या इथल्या सदाहरित झुडपाचा हिरवा ट्यूबमधून थेट लावू नका. त्यात खडकाचाच लाल थोडा मिसळा, म्हणजे तो राखाडी होतो आणि शेजारचा खडक आपोआप तापतो. आणि तिवई लावायला जागा शोधताना काळसर, खरबरीत, फुगलेल्या मातीवर पाय देऊ नका. ती जिवंत असते, शेवाळ-बुरशी-जिवाणूंनी विणलेली, एकदा मोडली की सावरायला कित्येक वर्षं जातात.

तेलाच्या चिंध्या मी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून आणते. जवसाचं तेल हवा घेताना तापतं, बोळा करून टाकलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. फिनिक्सच्या उन्हात उभ्या गाडीत तर हा धोका घ्यायलाच नको.

मे लागला की सेडोना बंद. मग आम्ही आणखी वर, फ्लॅगस्टाफला जातो, सात हजार फुटांवर. तिथं जवळच सनसेट क्रेटर आहे, हजारेक वर्षांपूर्वी उफाळलेला ज्वालामुखी. खाली सगळी काळी राख, माथ्यावर तांबूस कड. ती कडही लोहाचीच कृपा. काळ्याचं गणित अजून बसायचंय. ट्यूबमधला काळा लावला की डोंगराला भोक पडल्यासारखं दिसतं, म्हणून सध्या अल्ट्रामरीन आणि ट्रान्सपरंट रेड ऑक्साइड मिसळून काम चालवते. सकाळी अल्ट्रामरीन जास्त, दुपारी ऑक्साइड. कुणी तिथं रंगवलं असेल तर काय वापरता ते जरूर सांगा.