माधवनगरची तीन पार्सलं

टेम्पो आणि घरी जाणारे दुचाकीवाले यांच्यात पार्सलं कमीत कमी खर्चात कशी वाटायची, याचा प्रोग्राम लिहितोय. मांडणी अशी: सांगलीच्या विश्रामबागेत गोडाऊन, एक टेम्पो, ४० पार्सलं आणि घरी जाता जाता एखादं पार्सल टाकणारे १२ दुचाकीवाले. सगळं अजून कागदावरच. नियम आर्केती, साव्हेल्सबर्ग आणि स्पेरान्झा या संशोधकांच्या अशाच वाटपावरच्या २०१६ च्या पेपरातले. एका स्वाराला एकच पार्सल, आणि वळसा मर्यादेत. मी १.३ पट धरलाय. घर ८ किमीवर असेल तर पार्सल देऊन घरी पोचेपर्यंत १०.४ च्या वर जाता कामा नये.

पहिली चूक अगदीच बावळट. अंतरं सरळ रेषेत मोजली होती, त्यामुळे सांगलीवाडी हाकेच्या अंतरावर आली. मध्ये कृष्णा आहे हे कॉम्प्युटरला कोण सांगणार! आता ओपनस्ट्रीटमॅपचा खुला नकाशा ओएसआरएम या रस्ते शोधणाऱ्या प्रोग्रामला देऊन रस्त्याची अंतरं घेतो. आयर्विन पुलाचा हेलपाटा हिशेबात आला.

खरा घोळ पुढेच होता. एकेक पार्सल टेम्पोतून काढलं तर किती वाचतं ते मोजलं आणि हंगेरियन पद्धतीनं, म्हणजे फायद्यांची बेरीज सर्वात जास्त होईल अशा एकास एक जोड्या शोधणाऱ्या रीतीनं, स्वारांशी जोड्या लावल्या. माधवनगरात तीन पार्सलं आहेत. कुठलंही एक काढा, टेम्पोचे जेमतेम ३०० मीटर वाचतात, कारण उरलेल्या दोनांसाठी तिकडं जायचंच. तिन्ही काढली तर? पावणेसहा किमी! बेरीज म्हणते ९००  मीटर. या पद्धतीला बेरजेपलीकडचं दिसत नाही. तिला भलतं काम मीच दिलं होतं.

मग लार्ज नेबरहुड सर्च नावाची शोधपद्धत लिहिली. शेजारशेजारची पार्सलं गठ्ठ्यानं उपटायची, टेम्पो आणि स्वारांत नव्यानं वाटायची, एकूण खर्च उतरला तर ठेवायचं. बुधगावचे तिघे माधवनगरावरूनच घरी जातात, त्यांना एकेक मिळालं. टेम्पोची ती फेरीच गेली. मी खूश.

तेवढ्यात बायकोनं विचारलं, "आणि एकानं दांडी मारली तर?" झालं. टेम्पो पुन्हा माधवनगरला, वर दोघांचे पैसे द्यायचेच. पावसाळ्यात तर हे ठरलेलंच.

पैशांचंही अडलंय. वळशाच्या किमीवर दिले तर स्वस्त पडतं, पण घर कुठं ते स्वारच सांगणार. मिरजेचा माणूस हरिपूरचा पत्ता सांगून वळसा फुगवू शकतो. गोडाऊनपासून पार्सलच्या पत्त्यापर्यंतच्या अंतरावर दिले तर ही भानगड नाही, पण वाटेवरच्या पार्सललाही पूर्ण पैसे.

सध्या एकास एक हा नियम मोडून तिन्ही पार्सलं बुधगावच्या एकालाच देऊन बघतोय. रन चालू आहे, लॅपटॉपचा पंखा घोंघावतोय.