पोस्टाने आलेली शीची बाटली

इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडली की घरी एक चपटं पाकीट येतं. आत बोटाएवढी प्लास्टिकची बाटली, चित्रांचा कागद आणि टपालखर्च आधीच भरलेला परतीचा लिफाफा. या बाटलीत शीचा नमुना घालून पोस्टाने प्रयोगशाळेकडे पाठवायचा असतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची ही सरकारी चाळणी (स्क्रीनिंग) आहे: लक्षणं नसतानाच शीत डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का, ते शोधायचं. 74 वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी येते आणि पैसे पडत नाहीत. तुमचं नाव जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंदलेलं असलं आणि पत्ता बरोबर असला की झालं. घर बदलून जीपीला न कळवणाऱ्यांची पाकिटं जुन्या दारात पडून राहतात.

2006 साली कार्यक्रम सुरू झाला तेव्हा प्रकार फार किचकट होता. पुठ्ठ्याचं कार्ड, त्यात छोट्या खिडक्या. तीन वेगवेगळ्या वेळच्या शौचातून दोन-दोन नमुने पुठ्ठ्याच्या काडीने त्या खिडक्यांत फासायचे, म्हणजे एकूण सहा. तोवर ते कार्ड घरात ठेवायचं कुठे? अनेकांनी सरळ केराची टोपली दाखवली.

पहिला उपाय सुचला तो अर्थातच माहितीपत्रक सोपं करण्याचा. इंग्लंडमध्ये लाखो लोकांवर याची रीतसर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2016 मध्ये छापून आले. मोजक्या शब्दांतलं सोपं पत्रक जोडलं, फरक पडला नाही. चाचणी केलेल्यांचे अनुभव सांगणारं पत्रक जोडलं, तरीही नाही. आपल्या जीपीचा पाठिंबा आहे असं पत्रात लिहिल्यावर आणि स्मरणपत्र ठळक केल्यावर आकडा हलला, तोही टक्क्याच्या आत-बाहेर. मग 2019 मध्ये चाचणीच बदलली. सहाऐवजी एक नमुना, पुठ्ठ्याऐवजी बंद बाटली. त्याआधीच्या प्रायोगिक टप्प्यात जुनं कार्ड परत पाठवणारे 59.3 टक्के होते, तर नवी बाटली पाठवणारे 66.4 टक्के. आरोग्यसाक्षरता म्हटलं की आपण पोस्टर छापायला धावतो. इथे वाचायचं कमी केल्याने नव्हे, करायचं कमी केल्याने फरक पडला.

नमुना घेताना गोची होते ती पाण्यामुळे. शी कमोडच्या पाण्यात पडायच्या आत पकडायची असते. आईस्क्रीमचा धुतलेला रिकामा डबा किंवा टॉयलेट पेपरच्या जाड घड्या चालतात. आपल्याकडच्या ज्येष्ठांना पाणी वापरायची सवय, त्यामुळे हे आधी सांगून ठेवावं: आधी नमुना, मग पाणी. बाटलीचं झाकण फिरवून उघडलं की झाकणालाच काडी असते आणि तिच्या टोकाला बारीक खाचा. काडी शीवरून ओढायची, खाचा भरल्या की पुरे. चमचाभर पाठवलं तर तपासणी जास्त चांगली होईल हा गैरसमज आहे. मोजमाप त्या खाचांएवढ्या नमुन्याचंच ठरलेलं असतं. काडी परत बाटलीत, झाकण टक् होईपर्यंत दाबायचं, पुन्हा उघडायचं नाही. आतलं द्रव सांडू द्यायचं नाही, ते नमुना टिकवण्यासाठी असतं.

मग बाटलीवर नमुन्याची तारीख. ही हमखास विसरते आणि तेवढ्यासाठी नमुना बाद होऊ शकतो. कारण साधं आहे: दिवस जातील तसं रक्तातलं हिमोग्लोबिन विघटित होतं, आणि नमुना किती शिळा हे कळलं नाही तर ‘रक्त नाही’ या निकालाला अर्थ उरत नाही. तारीख इथल्या पद्धतीने दिवस, महिना, वर्ष अशीच, म्हणजे आपल्यासारखीच.

ही चाचणी माणसाच्याच हिमोग्लोबिनला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांवर चालते, त्यामुळे आदल्या दिवशी मटण खाल्लं तरी बिघडत नाही. पण निकाल नीट वाचावा लागतो. इंग्लंडमध्ये चाळणीसाठी सुरुवातीला एक ग्रॅम शीमागे 120 मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन ही रेषा ठरवली, त्यावर गेलं की पुढची तपासणी, आणि लक्षणं घेऊन जीपीकडे गेलेल्यांसाठी मात्र तीच रेषा 10. चाळणीची रेषा एवढी वर, कारण आतड्यात दुर्बीण घालून पुढची तपासणी करणारे हात मर्यादित आहेत. म्हणून ‘पुढील तपासणीची गरज नाही’ याचा अर्थ ‘कर्करोग नाही’ असा घेऊ नये. उलट रक्त सापडलं म्हणजे कर्करोगच, असंही नाही; मूळव्याध असते, आतड्याच्या आत वाढलेले साधे कोंब (पॉलिप) असतात, आणि ते कोंब दुर्बिणीतूनच काढून टाकता येतात.

शीत रक्त डोळ्यांना दिसत असेल, पोट साफ होण्याची सवय काही आठवडे बदललेली असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर पाकिटाची वाट पाहू नका. थेट जीपी.

भारतात सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. त्यामुळे गावी रक्त दिसलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणून रस्त्यावरच्या पाटीवाल्या दवाखान्यात जाणं होतं. तिथे किमान गुदद्वाराची बोटाने तपासणी झाली का, एवढं तरी फोनवर विचारा. आणि लॅबमध्ये ‘ऑकल्ट ब्लड’ची, म्हणजे शीतल्या न दिसणाऱ्या रक्ताची, चाचणी सांगितली असेल, तर ती इम्युनो (प्रतिपिंडांच्या) पद्धतीची की जुन्या रसायनाची, हे आधी विचारून घ्या. जुनी असेल तर लाल मांसामुळे खोटं ‘आहे’ येऊ शकतं आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांमुळे खोटं ‘नाही’.