गॉडमदरचं पत्र काढताना आलेला अनुभव

आम्ही कॅथलिक. बहिणीच्या मुलीचा बाप्तिस्मा (चर्चमध्ये सामील करून घ्यायचा विधी) पुण्यात होता आणि गॉडमदर, म्हणजे तिची धर्ममाता, मी. दुसऱ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत) बाप्तिस्मा असेल तर गॉडमदर व्हायला आपण योग्य आहोत असं आपल्या धर्मग्रामाकडून पत्र न्यावं लागतं. बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन, बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) दोन्ही दाखले लगेच मिळाले, पत्र मात्र अडलं.

कारण काय तर एका मीटिंगमध्ये मी म्हणाले होते की बायकांनाही धर्मगुरू होता आलं पाहिजे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1994 मध्ये हा विषय कायमचा बंद केला हे मला माहीत आहे, तरी माझं मत तेच आहे आणि मी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जायचं थांबवलेलं नाही.

ऑफिसातल्या बाईंनी फॉर्म दाखवला, माझं नाव, पत्ता सगळं भरलेलं, शिक्कासुद्धा मारलेला, फक्त सहीची जागा कोरी. फादरना भेटले तर म्हणे तू शिकवण मानत नाहीस म्हणजे तू स्वतःच बाहेर गेलीस. म्हटलं ठीक आहे फादर, हेच लेखी द्या. तर म्हणे लेखी काही मिळणार नाही. मग रोजचं नवीन कारण, आज फादर रिट्रीटला, उद्या बिशप हाऊसला (बिशपच्या कार्यालयाला) विचारायचंय, परवा तुम्ही जरा समजून घ्या ना. अहो काय समजून घ्यायचं? बाहेर काढलं असेल तर कागद द्या, नसेल तर सही करा! घरी आई रडतेय, बहीण विचारतेय दुसरी कोणी बघू का, आणि इथे कोणी हो पण म्हणत नाही, नाही पण लिहून देत नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी ओळखीतल्या एका निवृत्त फादरनी कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, उघडून दाखवला; त्यातलं एकेक कलम म्हणजे कॅनन. कॅनन 874 प्रमाणे गॉडपेरेंट श्रद्धेला धरून जगणारा हवा आणि त्याच्यावर चर्चची शिक्षा नको. पण या असल्या मतासाठी शिक्षा करायची तर आधी बिशपनी किंवा रोमने (व्हॅटिकनने) ताकीद द्यावी लागते (कॅनन 1365) आणि आदेश लेखी, कारणासकट हवा (कॅनन 51). श्रीलंकेच्या फादर तिस्सा बालसूरिया यांना त्यांच्या लिखाणातल्या मतांसाठी 1997 मध्ये बहिष्कृत केलं तेही रोमने जाहीर निवेदन काढून, आणि वर्षभराने मागे घेतलं. मला तर कुणी साधी ताकीदही दिली नव्हती.

चर्चला आपली शिकवण जपायचा हक्क आहे, वेदीवरून कोणी उलटं शिकवत असेल तर त्याला जाब विचारा. पण बाकावर बसून प्रार्थना करणाऱ्या माणसाला नुसत्या मतासाठी बाहेर काढू नये असं मला मनापासून वाटतं, आणि तोंडी तर मुळीच नाही. कॅनन 212 तर आपल्याला मत मांडायचा हक्क देतो, आदर ठेवून.

हे सगळं अर्जात लिहून बिशप हाऊसला दिलं आणि थोड्याच दिवसांत सही झालेलं पत्र आलं, सोबत एक शब्दही नाही. बाप्तिस्मा ठरल्या तारखेला झाला, भाचीला मीच धरलं होतं, इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

हो, एक राहिलं, दृढीकरण दुसरीकडे झालं असेल तर तो दाखला आधीच मागवून ठेवा. आणि अर्ज कधीही नुसता हातात देऊन येऊ नका, दुसऱ्या कॉपीवर तारीख, सही, शिक्का घ्या. बिशप हाऊसमध्ये सगळ्यात आधी तीच कॉपी मागितली.