दाढ भरली होती, तरी आतून किडली

जानेवारीत मामाच्या रानात हुरडा खाताना खालच्या दाढेत अशी कळ गेली की हातातलं कणीस तसंच खाली ठेवलं. तीच दाढ, दोन वर्षांपूर्वी दाताच्या रंगाचं कंपोझिट भरून घेतलेली. परभणीतच दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडं गेले, त्यांनी आरशात दाखवलं, वरून सगळं चकाचक पण शेजारच्या दाढेला लागून, हिरडीजवळ एक तपकिरी रेघ, अन् टोकदार सळई फिरवली की बरोबर तिथंच अडकायची.

मी विचारलं, असं कामून झालं? मॅडम म्हणल्या, हे मटेरियल निळ्या लाईटखाली कडक होताना साधारण २ ते ३ टक्के आकसतं, अन् जिथं पकड कच्ची तिथून सुटतं. मला एकदम उन्हाळ्यातलं आपलं काळं रान आठवलं, ओल गेली की माती आकसून कशा भेगा पडतात.

वरच्या इनॅमलला (दाताचं बाहेरचं कडक कवच) पकड चांगली बसते, कारण ३७ टक्क्यांच्या आसपासचं फॉस्फोरिक ॲसिड लावलं की त्यावर बारीक बारीक छिद्रं पडतात अन् बाँडिंगचं औषध त्यात शिरून घट्ट होतं (१९५५ मध्ये अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोरे यांनी ही युक्ती मांडली). पण हिरडीकडं इनॅमल पातळ, कधी नसतंच, खाली ओलसर डेंटिन, म्हणजे इनॅमलच्या आतला थर. फट बहुतेक तिथूनच पडते, त्यातून थुंकी अन् जंतू आत शिरतात अन् दाढ आतून किडते.

त्यात थुंकी! ॲसिड धुऊन वाळवल्यावर थुंकी किंवा रक्त लागलं की पकड बिघडलीच. मागच्या वेळी नुसते कापसाचे बोळे होते अन् मी मधे दोनदा तोंड मिटलेलं, कुणी काही बोललं नाही. याचा मला खरंच राग येतो, आधी सांगितलं असतं तर तासभर तोंड उघडं ठेवलं असतं की.

यावेळी रबर डॅम लावला, म्हणजे रबराचा पातळ पडदा, त्यातून फक्त दाढ बाहेर. शेजारच्या दाढेच्या फटीत पट्टी अन् लाकडी पाचर, मग २ मिलिमीटरचे थर, प्रत्येक थराला २० सेकंद लाईट. पाऊण तास लागला.

आईची चांदी (म्हणजे अमलगम, पारा मिसळलेला धातू) भरलेली दाढ मात्र तीस वर्षं झाली तशीच आहे. मॅडम म्हणल्या, ती चांदी गंजते अन् त्या गंजानंच कडेची फट हळूहळू बुजते, कंपोझिटला ती सोय नाही, त्याला पहिल्याच दिवशी नीट बसवावं लागतं.

रविवारी बाबांना न्यायचंय, रबर डॅमचं फोनवर आधीच सांगून ठेवलंय.